आईबाबा म्युनिकला येतायत, काय आणायला सांगू आणि काय इथेच मिळतं?

पोहेप्रेमी

नमस्कार मंडळी,

धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगते. आम्ही दोघं म्युनिकला असतो, मूळचे नाशिकचे, आणि मार्चच्या शेवटी माझे आईबाबा पहिल्यांदाच इकडे येतायत. व्हिसा झाला, इन्शुरन्स झालं, तिकिटं झाली, आता रोज संध्याकाळी फोनवर एकच विषय, काय काय आणू. मी एक वस्तू सांगितली की आई ती वहीत लिहून घेते आणि खाली स्वतःच्या मनाने अजून दोन लिहिते. काल म्हणाली लोकवन गव्हाचं पीठ दळून आणते दहा किलो, तुमच्याकडचं पोळीला चांगलं नसेल. बाबा मागून ओरडतायत की अगं बॅगच 23 किलोची आहे, तर म्हणते तुमचे कपडे कमी करू.

आता खायचे हाल आहेत असं काही नाही, सगळं मिळतं थोडं पुढेमागे. पण ज्याची आठवण येते ते सगळं भलतंच असतं. डोक्यावर गरागरा फिरणारा पंखा आठवतो, इथे जुलैत घर तापतं, एसी नाही, पंखा नाही, टेबलफॅन एकाच बाजूने कानात घुरघुरत राहतो आणि खिडकी उघडली की ट्राम. भाजीवाला हिशोब झाल्यावर पिशवीत वरून टाकायचा तो कढीपत्ता आणि दोन मिरच्या आठवतात, इथे सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या चार काड्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून विकतात आणि त्या डबीला झाकण पण असतं. इस्त्रीवाला आठवतो, खूपच आठवतो. रविवारी दुपारी दही संपलं तर चपला घालून खाली जाऊन आणता यायचं ते आठवतं, कारण इथे रविवारी सगळं ठप्प आणि शनिवारी रात्री 8 ला शटर खाली, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दुकानात अशी झुंबड असते की उद्यापासून संचारबंदीच आहे. आणि हो, बाथरूममधला जेट. त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांना कळलं त्यांना कळलं.

तर जुन्या जाणत्यांनी सांगा, तूप आणि पेढे आणलेले चालतात का, कारण मैत्रीण म्हणते आणतात सगळे आणि नवरा म्हणतो जप्त करतात. मिक्सर आणू का इथलाच घेऊ? आईचा जुना अॅल्युमिनियमचा कुकर आमच्या शेगडीवर चालेल का? चहा इथल्या पाण्याला नीट होतच नाही, वर तवंग येतो, त्याचं काय करता? आणि एकूणात तुम्ही काय मिस करता आणि त्यावर काय जुगाड केलाय तेही लिहा, तेवढीच करमणूक.

---

जुनाखोड

पोहेप्रेमी, पीठ अजिबात नको. दहा किलो पीठ म्हणजे अर्धी बॅग गेली, आणि म्युनिकसारख्या गावात आटा न मिळायला काय झालं. मेन स्टेशनच्या दक्षिणेला लांडवेअरश्ट्रासे, गोएथेश्ट्रासे त्या भागात फिरा, तुर्की, अफगाणी, अरबी दुकानं ओळीने आहेत, तिथे कोथिंबिरीची जुडी ही जुडीसारखी मिळते आणि डबीला झाकण नसतं. भेंडी, हिरव्या मिरच्या, पुदिना, डाळी, सगळं. मुळा आणि खोवलेला फ्रोझन नारळ व्हिएतनामी दुकानात. सुपरमार्केटातला टाइप 405 म्हणजे आपला मैदा, त्याच्या पोळ्या करायला जाऊ नका, आणि उपम्याला जाड रवा पाहिजे असेल तर ग्रीस म्हणून पुडा मिळतो तो घ्या, चांगला निघतो. साबुदाणा मात्र इंडियन दुकानातूनच घ्या नाहीतर आईंकडून मागवा. एशियन दुकानातले टॅपिओका पर्ल दिसतात तसेच पण भिजवले की खिचडीचा गोळा होतो, मग उपासाला पोराबाळांनी तो उचलून खायचा का चिकटवायला वापरायचा हा प्रश्न.

तुपाबद्दल तुमच्या नवऱ्याचं बरोबर आहे. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, घरच्यापुरता एक डबा असला तरी. तूप, पनीर, खवा, चक्का सगळं त्यात आलं. लोक आणतात हे खरंय आणि बऱ्याच जणांची बॅग कोणी उघडत नाही हेही खरंय, पण आठनऊ तासांचा प्रवास करून आलेल्या, इंग्रजीतसुद्धा बिचकणाऱ्या माणसांना ग्रीन चॅनलमध्ये बाजूला घेतलं तर त्यांचा चेहरा कसा होतो ते मी विमानतळावर पाहिलंय. खव्याच्या मिठाईवरून तिथे वाद घालत बसण्यापेक्षा बाकरवडी आणि बेसनाऐवजी शेंगदाण्याचे लाडू आणा, तूप नको आणि कटकट नको.

तसंही तूप इथे फार सुंदर होतं. लोण्याच्या पाकिटावर नीट बघा, एक झ्यूसराम असतं ते साध्या सायीचं आणि एक झाउअरराम ते विरजलेल्या सायीचं. विरजलेलं घ्यायचं, मंद आचेवर कढवायचं, घरात तोच वास आणि रवाळ तूप. कंटाळा आला तर बुटरश्माल्झ तयार मिळतं कुठेही. श्रीखंडाला 40 टक्केवालं क्वार्क (आपल्या चक्क्यासारखं इथलं ताजं चीज) रात्रभर फडक्यात टांगायचं आणि त्यात 10 टक्के फॅटचं ग्रीक दही मिसळायचं, नुसत्या क्वार्कचं जरा पीठुळ लागतं. आमच्याकडे पाडव्याला हेच असतं आणि पाहुण्यांना कळत नाही.

ताज्या वस्तूंचं पण लिहितो कारण एप्रिल जवळ आलाय आणि कोणीतरी हापूसची पेटी आणणारच. 14 डिसेंबर 2019 पासून ताजी फळं, भाज्या, पानं आणायची तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीडरोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, सूट आहे ती फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. म्हणजे हापूस नाही, कढीपत्ता नाही, विड्याची पानं नाहीत. नारळ चालतो. पण सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमानात घेत नाहीत, तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून, मुंबईलाच बॅग उघडायला लावतील. आणि लोणचं चेक-इनच्या बॅगेत, केबिनच्या नाही. हापूस दुकानातून घ्या, महाग पडतो पण येतो. 2014 च्या मे महिन्यात तर युरोपने हापूसच बंद केला होता, फळमाशी सापडली म्हणून, पुढच्या जानेवारीत बंदी उठली. तो एक उन्हाळा आमच्या ग्रुपवर सुतक होतं.

मिक्सर बिनधास्त आणा. इथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, फक्त प्लग वेगळा, अर्थिंगवालं कन्व्हर्टर घ्या. इथले ब्लेंडर स्मूदीसाठी असतात हो, त्यात ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायला गेलं की खोबरं भिंतीला आणि पातं कोरडं फिरतंय. कुकरचं असं की तुमची शेगडी इंडक्शन आहे का साधी काचेची ते आधी बघा. काचेची असेल तर सपाट बुडाचा अॅल्युमिनियमचा चालतो. इंडक्शन असेल तर नाही चालणार. फ्रीजवरचं मॅग्नेट भांड्याच्या तळाला चिकटलं तर चालेल, सोपा हिशोब.

आता जेट. भारतातून हेल्थ फॉसेट आणायला सांगा, हलका असतो. पण नळाचे आटे वेगळे. आपला पाइप अर्ध्या इंचाचा आणि इथल्या अँगल व्हॉल्व्हचं, म्हणजे एकव्हेंटीलचं, तोंड तीन अष्टमांश इंचाचं, त्यामुळे बाऊमार्क्टातून (हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून) एक टी आणि एक अॅडॅप्टर घ्यावा लागतो. कमोडची टाकी भिंतीच्या आत असेल तर तिथे जोडायला जागाच नसते, मग बेसिनच्या खालच्या व्हॉल्व्हवरून पाइप काढायचा. वापरून झालं की प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह बंद करायचा, नुसती पिस्तुलाची कळ सोडून चालणार नाही, कारण इथे बहुतेक बाथरूमच्या फरशीला मोरीच नाही. पाइप सुटला तर पाणी सरळ हॉलच्या लाकडावर आणि तिथून खालच्यांच्या छतात. हे आईबाबांना पण आल्याआल्या सांगा, नाहीतर बाबा पहिल्याच दिवशी बादलीतांब्याने आंघोळ करतील. बादली टबमध्ये ठेवून करायची.

पंख्याबद्दल, छताला वायर असतेच दिव्यासाठी, घरमालकाला विचारून सीलिंग फॅन लावता येतो, आमच्याकडे आहे. 2019 च्या जुलैत जर्मनीत पारा 41.2 वर गेला तेव्हा बिल्डिंगमधले लोक बघायला येत होते.

---

मालवणी_तिरफळ

जुनाखोड यांनी पीएचडी लिहिली, आता उरलंसुरलं मी लिहितो. हॅम्बुर्गहून.

चहा. तुमच्या म्युनिकचं पाणी जड आहे, चुना जास्त, तवंग त्याचाच येतो. फिल्टरचा जग घ्या, बराच फरक पडतो. पण मुख्य म्हणजे सुपरमार्केटातल्या त्या दोरीवाल्या पिशव्या उकळू नका. ऑस्टफ्रीझन मिश्रण म्हणून खुला चहा मिळतो तो शोधा. आमच्या इकडे उत्तरेला ऑस्टफ्रीसलँड म्हणून भाग आहे, तिथली माणसं वर्षाला माणशी सुमारे 300 लिटर चहा पितात, जगात कोणी पीत नसेल एवढा, आणि त्यांच्या मिश्रणात आसामच भरलेला असतो. कपात आधी खडीसाखरेचा खडा टाकतात, वरून गरम चहा, खडा तडतडतो, मग साय. ढवळायचं नाही म्हणे. ते त्यांचं त्यांना लखलाभ, आपण तो आलं ठेचून, 3.8 टक्क्यांच्या दुधात सणसणीत उकळायचा, हुबेहूब टपरीचा होतो. बाबांना सकाळचा पहिला चहा जमला की अर्धी लढाई जिंकलात.

दुसरं, तुपाला बंदी पण सुक्या मासळीला नाही!! मासळी माणशी 20 किलोपर्यंत आणता येते, सुकी, भाजलेली, खारवलेली कशीही. दरवेळी कस्टमच्या लाइनीत मी मनातल्या मनात हसतो की तो पुढचा बिचारा पेढ्याचा बॉक्स लपवतोय आणि माझ्या बॅगेत उघडपणे बोंबील, सोडे आणि सुकट. फक्त तीन पिशव्यांत बांधा आणि मधे वर्तमानपत्र. बाहेर पडल्यावर कपड्यांना वास आला तर तो तुमचा प्रश्न.

मी काय मिस करतो तर वेंगुर्ल्याचा बाजार, सकाळी टोपली उतरतानाचा. इथे बंदराचं गाव असून मासा म्हणजे फिले, पांढरा, चौकोनी, डोकं नाही, काटा नाही, त्याला चव तरी कुठून येणार. बांगडा फ्रोझन मिळतो, त्यावर भागवतो. तिरफळ मात्र कुठेच नाही, आणि तिरफळाशिवाय बांगड्याचं तिखलं म्हणजे नुसती तिखट आमटी.

तळायचं असेल तेव्हा एक करा. सगळे कोट, जॅकेट बेडरूममध्ये नेऊन दार घट्ट लावा. इथल्या चिमण्या बऱ्याच ठिकाणी बाहेर काढलेल्याच नसतात, हवा आत ओढून कोळशाच्या फिल्टरमधून परत घरातच सोडतात. लसणाची फोडणी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये आपल्याआधी पोचते.

---

सडेतोड

एवढं सगळं आठवतं तर गेलात कशाला? इकडे आम्ही लोडशेडिंगमध्ये पण खूश आहोत. युरो पण पाहिजे आणि इस्त्रीवाला पण पाहिजे.

---

तर्रीबाज

आला बाप्पा एक. सडेतोड भाऊ, प्रत्येक धाग्यावर हा प्रतिसाद कॉपी पेस्ट करता का हो?

असो. नागपूरचा आहे, न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे एडिसनला ओक ट्री रोडवर गेलं की पोहे, जिलबी, मेथी, ताजी कढीपत्त्याची डहाळी, सगळं एका रांगेत, त्यामुळे खाण्याचं रडगाणं गायला आम्हाला तोंड नाही. मिक्सर मात्र इकडे येणाऱ्यांनी आणू नका, 120 व्होल्ट आहे, भारतातला मिक्सर नुसता कण्हतो. 110 चा इथेच मिळतो.

मला विचाराल तर मी मिस करतो ते न सांगता येणारं माणूस. नागपुरात आमच्या घराला दुपारी कडी नसायची, कोणीही यायचं, आई पोहे टाकायची, आलेला माणूस काही काम नसताना दोन तास बसायचा, बाबांशी पेपरातल्या बातम्यांवर भांडायचा आणि जायचा. इथे माझा सख्खा मित्र पंधरा मिनिटांवर राहतो आणि आमचं भेटायचं ठरतं ते तीन आठवडे आधी, कॅलेंडरवर इन्व्हाइट टाकून, पोरांचं स्विमिंग, त्यांचं मराठी शाळेचं स्नेहसंमेलन, आमचं काहीतरी, हे सगळं चुकवून. आणि भेटलो की जेवण एवढं जंगी की यजमान बाई दोन दिवस आधीपासून राबतेय, म्हणजे पुढच्या वेळी बोलवायची हिंमतच होत नाही तिची. नुसता चहा प्यायला कोणाकडे जायची पद्धतच मोडली. यावर जुगाड काढला तो असा की आम्ही चारपाच घरांनी ठरवलं, रविवारी चार ते सहा कोणाचंही दार वाजवायचं, फोन करायचा नाही, आणि घरवाल्याने चहा आणि बिस्किटाच्या वर काही द्यायचं नाही, दिलं तर दंड. पहिले काही रविवार सगळे अवघडून बसायचे. आता एकजण तर येऊन सोफ्यावर झोपतो.

ठरवून न ठरवता यायचं म्हणजे थोडं हास्यास्पदच आहे, मान्य. पण चालू आहे.

---

दुबईकर

आम्हाला सगळं मिळतं. कामाला बाई, इस्त्रीला माणूस, करामाला वडापाव, घरपोच हापूस, मुंबई तीन तास. मिस करतो फक्त पाऊस. आणि तो एकदाचा आला 16 एप्रिल 2024 ला तर रस्त्यात गाड्या तरंगल्या. चालू द्या.

---

रमाकाकू_सांगली

मी या ग्रुपवर फक्त वाचते, आज लिहिते. माझा मुलगा फ्रँकफर्टच्या जवळ असतो, आम्ही दोघं तिकडे राहून आलोय, म्हणजे मी या गोष्टीतली आई आहे असं समजा.

जुनाखोड, तुमची सगळी माहिती उत्तम आहे पण पिठाचं मला पटलं नाही. पोहेप्रेमी बाळा, आईला दहा किलो आणू देऊ नकोस, पण एक किलो आणू दे. तिकडे मिळतं हे तिला सांगून काय उपयोग, तिलाही माहीत असेल. लेकीच्या घरी पहिल्यांदा जायचं आणि हात हलवत जायचं हे आमच्या पिढीला जमत नाही. मला मुलाने सांगितलं होतं काही आणू नको, सगळं ऑनलाइन येतं, तर मला चार दिवस काही सुचेना, मग मी भाजणी केली. तांदूळ, हरभराडाळ, उडीद, ज्वारी, बाजरी, गहू, धने, एकेक वेगळं भाजलं, गिरणीत नेलं, गिरणीवाल्याला सांगितलं की आधी कोणाचं तिखट दळलं नाहीस ना. तो म्हणाला काकू पोराकडे का? मग त्याने ती माझ्यासमोर पाट झाडून दळली. मेतकूट, गोडा मसाला, कुटलेलं तिळाचं कूट, कोकमं हे पण आणायला सांग, तिकडे विकत मिळत असेल तरी. आमच्या सांगलीकडचे लोक चटणी आणतात, तुमच्या नाशिकला काळा मसाला करतात तो आणायला सांग. आणि एक मऊ सुती पंचा किंवा दोन, तिकडचे टॉवेल जाड, वाळतच नाहीत. जुन्या साड्यांची पातळ गोधडी असेल तर तीही आण म्हण, तिकडची ती फुगलेली दुलई एकतर घाम काढते नाहीतर सरकून खाली पडते.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही सगळे त्या बॅगेत काय यावं याची यादी करताय. ती दोघं तिकडे आल्यावर दिवसभर काय करतील याची यादी कोणी केली का? तुम्ही सकाळी आठला बाहेर पडणार. मग घर एवढं शांत होतं की फ्रीजचा आवाज येतो. आमच्या ह्यांना सांगलीत सकाळी पेपर, मग कट्टा, मग पोस्टात नाहीतर बँकेत काहीतरी काम काढून जायचं, दुपारी डुलकी, पाचला परत कट्टा. तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात माणूस खिडकीशी खुर्ची घेऊन बसला आणि मला येणाऱ्याजाणाऱ्या बसचे नंबर सांगायला लागला. बोलत काही नव्हते, पण मला कळत होतं.

तर आधी दाराचं शिकव. तिकडची दारं ओढली की बंद, बाहेरून मुठीने उघडतच नाहीत. आमचे हे पायजम्यावर कचरा टाकायला खाली गेले, मी आंघोळीला, वाऱ्याने दार लागलं. बेल वाजवत होते ती मला पाण्यात ऐकू येईना. समोरच्या जर्मन बाईंनी त्यांना आत बसवलं, कॉफी दिली, आणि ह्यांनी घरी चहाशिवाय काही न पिणाऱ्या माणसाने ती काळी कॉफी पूर्ण प्यायली संकोचाने. तेव्हापासून गळ्यात चावी. एक जास्तीची चावी शेजारी देऊन ठेव, चावीवाला बोलावला तर तिकडे भलते पैसे घेतात, रविवारी तर विचारूच नको.

दुसरं, पहिल्या शनिवारी रविवारी बाबांना बसमध्ये बसवून एक रस्ता पाठ करून दे, घर ते बाजार ते बाग, तेवढाच. ते महिन्याचं सगळीकडे चालणारं तिकीट काढून दे म्हणजे चुकले तरी उतरून परत बसायची भीती नाही. आमच्या ह्यांचं त्या तिकिटानंतर बदललं. रोज डबा घेऊन निघायचे, कुठल्यातरी गाडीने शेवटपर्यंत जायचे आणि परत यायचे, संध्याकाळी मुलालाच सांगायचे की तुमच्या अमक्या स्टेशनवर जिना बंद आहे.

मला बागेत एक तुर्की बाई भेटायच्या, विणकाम घेऊन बसायच्या. त्यांना जर्मन येत होतं मला नाही, मला हिंदी येत होतं त्यांना नाही. सुया दोघींना येत होत्या. तर आईंचं जे काही हातातलं असेल, क्रोशा, वाती, काहीही, ते बॅगेत घालायला सांग. पिठापेक्षा हलकं असतं.

आणि औषधं. बीपीची वगैरे पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि निम्मी हातातल्या पिशवीत. बॅग उशिरा आली तर गोळ्या कुठून आणणार.

---

जुनाखोड

काकू, नमस्कार घ्या. एक किलोला माझी हरकत नाही. औषधं तीन महिन्यांच्या गरजेपुरती आणता येतात, तुम्ही सांगितलंत तसं चिठ्ठी असली की झालं, आणि व्हिसाही 90 दिवसांचाच असतो त्यामुळे हिशोब बसतो. ते तिकीट म्हणजे डॉइचलँडटिकेट, 2023 च्या मेमध्ये 49 युरोला निघालं, 2025 ला 58 झालं, 2026 पासून 63. बस, ट्राम, मेट्रो, लोकल गाड्या सगळ्यावर चालतं, फक्त लांबच्या फास्ट गाड्यांवर नाही. ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून ज्या महिन्याच्या शेवटी बंद करायचं त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर बाबा नाशिकला आणि तिकीट म्युनिकला.

---

परत_पुण्यात

आम्ही परत आलो. आता कढीपत्ता फुकट मिळतो, जेट आहे, पंखा आहे, बाई येते, म्हणजे सांगून दांड्या मारत येते. आणि मी सकाळी बेकरीतून आणलेल्या गरम ब्रॉटशनसाठी (छोटे जर्मन पाव) तळमळतो, फुटपाथसाठी तळमळतो, आणि रविवारच्या त्या शांततेसाठी तर इतका की परवा शेजारी ड्रिल सुरू झालं तेव्हा बायको म्हणाली जा, जाऊन सांग त्याला रविवारी काचेची बाटलीसुद्धा टाकत नाहीत. तिकडे असताना त्याच नियमाला ती शिव्या घालायची.

सीलिंग फॅनचं मात्र मान्य. पहिल्या रात्री पाचवर फिरवला आणि मेल्यासारखा झोपलो.

---

पोहेप्रेमी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. शेगडी बघितली, इंडक्शनच निघाली, म्हणजे जुना कुकर बाद. आईला तसं सांगितलं तर म्हणाली मग स्टीलचा घेते. जेटचं नवऱ्यावर सोपवलंय, तो जुनाखोड यांचा प्रतिसाद प्रिंट काढून बाऊमार्क्टात गेलाय.

काकू, तुमचं वाचून संध्याकाळी मी पहिल्यांदा बाबांना फोन दिला आणि विचारलं की तुम्हाला काय लागेल इकडे. ते म्हणाले मला काय लागतंय, काही नाही. मग पाच मिनिटांनी आईच्या फोनवरून मेसेज, पेपर मिळतो का आणि बुद्धिबळाचा पट आणू का. पट आणा म्हटलं. आमच्या घराजवळच्या बागेत मोठमोठ्या सोंगट्यांचा पट जमिनीवरच आहे, तिथे म्हातारे जर्मन उन्हाळाभर खेळत उभे असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पेपरचं कोणी सांगा, ई-पेपर त्यांना मोबाइलवर दिसत नाही, डोळे चुरचुरतात म्हणतात.

आणि पीठ दोन किलोवर आलंय. घासाघीस चालू आहे.

---

तर्रीबाज

पेपरला जुना टॅब घ्या, दहा इंची, स्टँडवर उभा करायचा, पिंच करून मोठं करायला शिकवा. माझे बाबा तर आता टॅबवर नागपूरची आवृत्ती वाचून मलाच फोन करतात की सीताबर्डीला ट्रॅफिक आहे, जाऊ नको.

---

मालवणी_तिरफळ

टॅब बरोबर. पोहेप्रेमी, एक विनंती, नाशिकला तिरफळ मिळत नसेल पण मुंबईत विमानाआधी कोणा नातेवाइकाकडे उतरणार असतील तर दादरला मिळतात, पावशेर पुरे, पोस्टाचे पैसे मी देतो, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय. वाळलेली असतात, वजन काही नाही, आईंनी बॅगेच्या कोपऱ्यात टाकली तरी कळणार नाहीत. बदल्यात ऑस्टफ्रीझन चहाची दोन पाकिटं इकडून निघतील.

---

जुनाखोड

वर मी मिक्सरच्या कन्व्हर्टरचं लिहिलं ते विमानतळावर घेऊ नका, तिथे तिप्पट भाव. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे भारताशी फरक साडेचारचा साडेतीन तास होतो. आईबाबा त्याच वीकेंडला उतरत असतील तर रात्री अलार्म नीट बघून लावा.